मधली पंचवीस मिनिटं

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

नवी वही आहे, तेव्हा पहिल्या पानावर माणसं लिहून ठेवतो. पुढे विसरायला नकोत.

आम्ही चौघं. एक डॉक्टर, दातांचे, आता निवृत्त. पण पडद्यावर कुणी हसलं की अजून पहिली नजर दाढेवर. एक कॅशियर, जे चित्रपटाला सात पूर्णांक पंचवीस असे गुण देतात. तिसऱ्या वहिनी, माझ्या दिवंगत मित्राची बायको. मित्र आणि मी टपालाच्या छाननीत शेजारी शेजारी बसायचो, एकतीस वर्षं, सगळी रात्रपाळी. आणि चौथा मी. मला डॉक्टर ‘कविराज’ म्हणतात. शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत, एवढाच माझा गुन्हा.

दर शुक्रवारी दुपारी तीनचा खेळ, ठरलेल्या खुर्च्या, मग उपाहारगृहात चहा. तिथे दोन वर्षांपूर्वी वहिनींनी एक नियम घातला: आधी गोष्ट, मग गुण. म्हणजे चहा येईपर्यंत वहिनी आत्ताच पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट पहिल्यापासून सांगणार, आम्ही माना डोलावणार, आणि मग तिकिटाच्या पाठीवर गुण लिहायचे. का, तर सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिला आहे याची खात्री व्हावी. बायकांचं हे असं असतं. त्यांना पाहिलेलं पुन्हा सांगितल्याशिवाय पचत नाही. मी सहन करतो. खेळ चालू असताना त्यांचं कोपर मला सारखं लागतं, तेही सहन करतो.

आज वहिनी नव्हत्या. मोतिबिंदूसाठी बहिणीकडे गेल्यात, तीन आठवडे तरी येणार नाहीत. मी म्हटलं, चला, गोष्टीची दहा मिनिटं वाचली.

पण चित्रपट! भोकाचा निघाला. एका प्रसंगात नायक आईशी तावातावानं भांडतोय, पुढच्या प्रसंगात आई वारलेली आणि घर विकायला काढलेलं. कधी वारली, कशानं वारली, कुणी सांगायचं? आमच्या शाळेच्या पुस्तकात प्रत्येक कडवं पुढच्या कडव्याचा हात धरून चालायचं, रस्ता ओलांडणाऱ्या मुलांसारखं. हल्ली हातच सोडून देतात. पाच गुण दिले. कॅशियरांनी साडेसात. त्यांना भोक दिसलंच नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिचा चित्रपट सतरा तारखेला लागतोय. ‘तिचा’ म्हणजे तिनं संकलन केलेला. तुकडे जोडण्याचं, नको ते काढून टाकण्याचं काम तिचं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, हा पहिला स्वतःच्या नावाचा. मार्चअखेरीच्या प्रेक्षक-कौल पुरस्कारात संकलनाच्या यादीत तो आहे. त्या पुरस्काराला आमच्यासारख्या नोंदलेल्या प्रेक्षकगटांची गुणपत्रकं जातात. आमचं पत्रक मी भरतो, सही माझी. शेवटची तारीख तीन मार्च.

मी म्हटलं, “पोरी, आधीच सांगतो, लेक म्हणून एक गुण जास्त मिळणार नाही.”

“नकोच आहे. पण बाबा, शुक्रवारी नका बघू. रविवारी सकाळी बघा, दहाचा खेळ. मी येते तुमच्याबरोबर.”

“चौकडी शुक्रवारी तीनला बघते. तुझ्यासाठी वेळापत्रक बदलू?”

“दुपारी तीनला,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “वहिनी आहेत ना?”

“नाहीत. त्यांचा काय संबंध?”

“काही नाही,” म्हणाली. “कॉफी घेऊन जा आत.”

मला कॉफीनं जळजळ होते हे तिला माहीत आहे. लक्षात कुठे राहतं या मुलांच्या.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पुन्हा भोक. आज वकिलाचा चित्रपट होता. वकील खटला हरतोय हरतोय म्हणेपर्यंत एकदम न्यायालयाबाहेर पेढे वाटावेत तसा चेहरा करून उभा. साक्षीदार कोण, पुरावा कुठला, काही नाही. वर आमच्या चित्रपटगृहात हल्ली मध्यंतरसुद्धा देत नाहीत. पूर्वी मध्यंतर असायचं, दिवे लागायचे, माणसं एकमेकांकडे बघायची. आता दोन तास नुसता काळोख, गार हवा आणि मऊ खुर्ची. माणसाला जागं ठेवायचं तर गोष्टीत दम हवा.

चार गुण म्हटल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. “त्या म्हाताऱ्या साक्षीदाराची साक्ष नाही आवडली तुम्हाला? माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.”

“कुठला म्हातारा?”

डॉक्टरांनी कॅशियरांकडे पाहिलं. कॅशियर म्हणाले, “बिस्कीट घ्या, कविराज. तुम्ही आज फार शांतपणे बघत होतात.”

शांतपणेच बघतो मी. यांच्यासारखा दर दोन मिनिटांनी हसत नाही. पण ही माणसं काहीतरी लपवताहेत असं वाटलं. बहुधा दोघांनी आधी गुण ठरवून घेतलेत. वयानं माणूस हलका होतो.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

हात जड झालाय, तरी आजच लिहितो.

लेकीचा चित्रपट पाहिला. शाळेची बस चालवणाऱ्या बाईची गोष्ट. सुरुवात इतकी सुरेख की माझा ऊर भरून आला. पहाट, धुकं, एकेक मूल चढतंय, आणि प्रत्येक मूल चढताना दाराचा वेगळा आवाज. हे दाराचं माझ्याच लेकीनं केलं असणार. त्या बाईचा नवरा घरी, भित्रा, अपघात होऊन गेलेला. सायकलचं हँडल धरलं तरी हात थरथरतात. मी खुर्चीत रेललो आणि मनात म्हटलं, आज दहा.

आणि मग काय झालं? बाईच्या हाताला प्लॅस्टर. घरात कुठून तरी एक कुत्रा. आणि तो भित्रा नवरा मुलांनी भरलेली बस घाटातून खाली आणतोय! कुणी शिकवली त्याला बस? कधी? आकाशातून कौशल्य उतरलं? बाईचा हात कसा मोडला? कुत्रा कुणाचा? जो भाग चित्रपटाचा प्राण व्हायला हवा होता तोच कापून टाकला. माझ्या पोरीनं. नऊ वर्षं शिकून.

डॉक्टर आठ. कॅशियर आठ पूर्णांक पन्नास. माझ्या तिकिटावर मी किती वेळ पेन टेकवून बसलो होतो. आठ लिहिणं सोपं होतं. कुणी विचारलं नसतं. पण छाननीच्या टेबलावर ओळखीच्या माणसाचं पाकीट म्हणून मी कधी वरच्या गठ्ठ्यात टाकलं नाही.

चार लिहिले. शेरा लिहिला: “संकलन निर्दय. मधला दुवाच नाही. नवरा बस कधी शिकला, प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.”

डॉक्टर म्हणाले, “हे फळ्यावर लावू नका.” चित्रपटगृहाच्या दालनात आमच्या गुणांचा फळा आहे, येणारे-जाणारे वाचतात, फोटो काढतात. मी म्हटलं, दर आठवड्याला लावतो, आज का नको? लेक आहे म्हणून? मी स्वतः लावला.

घरी येताना वाटलं, लेकीची आई असती तर तिनं मला हे करू दिलं असतं का.

शनिवार, १८ फेब्रुवारी

फोन नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

संध्याकाळी फोन आला. फळ्याचा फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. तिच्या सगळ्या कामाच्या माणसांपर्यंत पोचला होता.

“चार, बाबा?”

“मला चारच्या वर जाता येईना, पोरी. माझा जीव तुटला.”

“चारचं काही नाही. शून्य द्या. पण ‘बस कधी शिकला कळत नाही’ म्हणजे काय? तो शिकतो तो प्रसंग अकरा मिनिटांचा आहे. रिकाम्या मैदानात. ती बाहेर उभी राहून त्याला शिकवते, मोडलेला हात गळ्यात, आणि कुत्रा मध्ये मध्ये येतो. त्या अकरा मिनिटांवर मी सात आठवडे बसले होते.”

“असा प्रसंगच नाही.”

“बाबा.”

“मी दोन तास दहा मिनिटं खुर्चीत होतो. असा प्रसंग नाही.”

 ती म्हणाली, “वहिनी कधी येणार आहेत?” मी म्हटलं शुक्रवारपर्यंत, आणि तिनं फोन ठेवला.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चित्रपटगृहवाले कापतात! आमच्या तरुणपणी शेवटचा खेळ लवकर आटपावा म्हणून सर्रास एखादं रीळ गाळायचे. प्रेक्षक बोंब मारायचे, खुर्च्या आपटायचे. तेच चाललंय. गेले तीन शुक्रवार प्रत्येक चित्रपटाच्या मधला भाग गायब, हा काय योगायोग? माझ्या पोरीचं काम चोरलं आणि शिव्या तिला माझ्या हातून घातल्या. इतका चिडलो की जेवण गेलं नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

सकाळीच व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. चाळिशीचा माणूस आहे, नेहमी नम्र. आज नम्रपणाचाही राग आला.

“काका, आता रीळ नसतं. सगळं एका पेटीत बंद येतं, आम्ही फक्त बटण दाबतो. एक मिनिट काढायचं म्हटलं तरी आम्हाला काढता येत नाही.”

“मग मधला भाग गेला कुठे?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. कुणी चोरून चित्रीकरण करू नये म्हणून हे लोक अंधारातही प्रेक्षकांवर कॅमेरा लावतात, त्याचा तो पडदा. त्यानं तो हळूच भिंतीकडे वळवला.

“असेल काका, आमचीच काहीतरी गडबड असेल. तुम्ही सकाळच्या खेळाला या. पैसे नकोत.”

बघा, कबूल झाला! मी म्हटलं फुकटचं काही नको, मी पुरस्कार समितीकडे लेखी तक्रार करणार. तो उठूनच उभा राहिला. “काका, तसं नका करू. तक्रार गेली की चौकशी होईपर्यंत आमच्या गृहातली त्या चित्रपटाची सगळी मतं बाजूला ठेवतात. अकरा गट आहेत इथे. नुकसान तुमच्याच मुलीचं होईल.”

धमकीच ही. बाहेर आलो तर जिन्यावर डॉक्टर. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “कविराज, पाठवू नका.” का, म्हटलं. “नका पाठवू म्हणतो ना.” कारण विचारलं तर चहा घेऊ म्हणाले. या गावात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चहा आहे.

तक्रार लिहिली. तीन पानी. भाषा बरी साधली आहे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

वहिनी आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, पण खुर्ची सोडली नाही. आजच्या चित्रपटात काही अर्थ नव्हता, एक चोर आणि एक चोराची बायको, पण काय सांगू, सलग होता! कुठे भोक नाही. वहिनींच्या कोपरानं माझ्या बरगड्या शेकून निघाल्या. नंतर त्यांनी गोष्टही सांगितली, नेहमीसारखी. मी म्हटलंसुद्धा, “माझ्या तक्रारीची कुणकुण लागली बहुतेक. आज काही कापलं नाही.”

कुणी हसलं नाही. कॅशियर तिकिटाच्या घड्या घालत बसले.

मी तक्रारीचं पाकीट काढून दाखवलं. उद्या टाकणार म्हटलं. वहिनींनी ते उचललं, उघडलं नाही, आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

“हे माझ्याकडे राहू दे.”

“वहिनी, माझं पाकीट आहे ते.”

“भाऊजी, तुमच्या मित्राचा राग आला की तुम्ही दोघं चार चार दिवस बोलायचा नाहीत. मला तुमच्याशी तसं नाही करायचं. लेकीला बोलवा घरी. ती सांगेल.”

“काय सांगेल?”

“ती सांगेल,” म्हणाल्या आणि गोष्ट संपली. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे, मला सोडून. या वयात माणसाला बाहेरच्या बाकावर बसवतात ते असं.

शनिवार, २५ फेब्रुवारी

लेक आली. मी न बोलावताच. वहिनींचा फोन गेला असणार.

जेवली नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही झोपता.”

मी म्हटलं, “हो, साडेदहाला.”

“चित्रपटात. रोज नाही, दर शुक्रवारी. सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं डोळे मिटतात, वीस-पंचवीस मिनिटांनी उघडतात. वहिनी तुम्हाला कोपरानं उठवतात. त्यातूनही जे हुकतं ते नंतर सांगतात. ‘आधी गोष्ट, मग गुण’ हा नियम कशासाठी केला वाटलं तुम्हाला?”

मी म्हटलं हे खोटं आहे. मग म्हटलं, एखादवेळी डोळा लागला असेल. मग म्हटलं, मान खाली असली म्हणजे झोप नसते, मी ऐकत असतो. ती प्रत्येक वेळी थांबली, मला संपवू दिलं, आणि मग विचारलं, “वकिलाच्या चित्रपटात तो म्हातारा साक्षीदार काय म्हणाला?”

मला माहीत नव्हतं.

दोन वर्षं. म्हणजे शंभर-सव्वाशे चित्रपट. आणि मी वहीत लिहीत होतो की वहिनींना पचत नाही.

मी चिडलो. फार चिडलो. म्हटलं, “चौघं मिळून मला लहान मूल करून ठेवलंत. एकानं तरी तोंडावर सांगायचं होतं. तुला कधीपासून माहीत आहे?”

“मला? मी सहा वर्षांची असल्यापासून. तुम्ही रात्रपाळी करून यायचात. दुपारी खोलीत काळोख करायचा, पडदे लावायचे, आणि बाबा झोपलेत म्हणून आवाज करायचा नाही. मी तुमच्या उशाशी बसून जुन्या मासिकांतली चित्रं कापायचे. कात्रीचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही. तुमचं अंग तीस वर्षं तेच शिकलंय. दुपार आणि काळोख म्हटलं की झोप. त्याचा मला राग नाही.”

“मग कशाचा आहे?”

“न पाहता लिहिलंत त्याचा. खाली सही केलीत त्याचा. तुम्ही चार दिले म्हणून मी दोन रात्री त्या अकरा मिनिटांकडे बघत बसले होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. तुमचं मत मला इतकं... जाऊ दे.”

ती उठली. चपला घातल्या. मी दारापर्यंत गेलो, पण म्हणायला काही सुचलं नाही. मला. ज्याला साठ कविता पाठ आहेत.

रविवार, २६ फेब्रुवारी

वहिनींकडे गेलो. पाकीट परत मागितलं. त्यांनी दिलं. त्यांच्यासमोरच फाडलं. त्या म्हणाल्या, बसा, मी म्हटलं, नको. माफी मागायला गेलो होतो ती राहिलीच.

फळ्यावर शेरा अजून आहे.

बुधवार, १ मार्च

तीनच्याच खेळाला गेलो. सकाळचा सोपा पडला असता, पण मला माझ्याच वेळी बघायचा होता.

बसलो नाही. मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. अंधारात पंधरा-वीस माणसं होती, कुणी मागे वळून पाहिलं नाही. अर्ध्या तासानं गुडघे बोलायला लागले. पाऊण तासानं डोळ्यांवर ती गार, ओळखीची लाट आली. खरंच येते. आजवर ती येते हेच मला ठाऊक नव्हतं, कारण मी नेहमी तिच्याबरोबर जात होतो. शाळेत कडवं विसरलो की गुरुजी उभं करायचे, आठवेपर्यंत. आज उभं राहून मी न पाहिलेलं आठवत होतो म्हणा. भिंतीवर डोकं आपटलं एकदा. व्यवस्थापकानं स्टूल आणून ठेवलं, मी हातानंच नको म्हटलं. तोही मग शेजारी उभा राहिला. थोडा वेळ.

आणि ते मैदान आलं.

बाई बसच्या पायरीवरून घसरते, हात मोडतो. ते तसं पटकन होतं. मग मैदान. ती बोलत नाही फारसं. तो गाडी चालू करतो, बंद पडते. चालू करतो, बंद पडते. प्रत्येक वेळी कुत्रा पळून जातो आणि परत येतो. सात वेळा बंद पडते, मी मोजलं. कुणी दुसऱ्यानं तीन वेळा ठेवलं असतं. सातव्या वेळी मला त्या माणसाची कीव येईनाशी झाली, मला त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. आठव्यांदा बस हलते, आणि तेव्हा आपल्याला त्याचा चेहरा दाखवत नाहीत. तिचा दाखवतात. ती हसत नाही. नुसता मोडका हात दुसऱ्या हातानं धरून मागे मागे सरकत जाते, बसला जागा देत.

हे मी झोपेत घालवलं होतं.

तरी शेवट लांबलाय. घाट संपल्यावर मुलं उतरतात तिथे चित्रपट संपला पाहिजे होता. पुढची सहा मिनिटं ती नवऱ्याला जे सांगते ते आपल्याला मैदानातच कळलेलं असतं. आणि कुत्र्याचं पुढे काय झालं ते सोडून दिलंय. हे मी जागेपणी लिहितो आहे.

सात.

बाहेर येऊन फळ्यावरचा जुना कागद काढला. नवा लिहिला, छाननीत पाकिटांवर लिहायचो तशा ठळक अक्षरांत, लांबून वाचता यावं म्हणून: “या चित्रपटाला सतरा तारखेस दिलेले चार गुण मी झोपलेला असताना दिले होते. मधली पंचवीस मिनिटं मी पाहिली नव्हती. आज उभा राहून पूर्ण पाहिला. सात गुण. बस बंद पडण्याचा प्रसंग असा दुसरा मी पाहिलेला नाही.” खाली सही.

चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. तिकिटाच्या रांगेतली एक मुलगी वाचून हसली. हसू दे.

शुक्रवार, ३ मार्च

पत्रक गेलं. डॉक्टर आठ, कॅशियर साडेआठ, वहिनी नऊ (त्यांनी सोमवारी पाहिला, काळा चष्मा काढून), मी सात. पुरस्कार मिळणार नाही असं कॅशियरांचं गणित सांगतं. त्या युद्धाच्या चित्रपटाला जाईल म्हणतात. मला त्या युद्धाचं काहीच आठवत नाही, यावरून काय ते समजलो आणि गप्प बसलो. वहिनींची माफी आज चहाच्या आधी मागितली. त्या म्हणाल्या, “कोपर दुखतं हो आता. पुढच्या वेळी तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसा.”

आठ वाजता लेकीचा फोन.

मी वाट बघत होतो की ती फळ्याबद्दल काही बोलेल. तिनं तोंडसुद्धा उघडलं नाही त्याबद्दल. म्हणाली, “तीन गुण कुठे कापले?”

“शेवटची सहा मिनिटं.”

“ती दिग्दर्शकाची आहेत. मी भांडले होते त्यासाठी.”

“मग नीट भांडायला हवं होतंस. नाव तुझं आहे.”

“आणि उरलेले दोन?”

“कुत्रा.”

“कुत्र्याचे दोन? बाबा, कुत्रा मुद्दाम सोडलाय. शोधा की जरा तुम्ही.”

“प्रेक्षकानं का शोधायचं? मी दोन तास उभा होतो, मला कुत्रा हवा.”

मग ती अगदी हट्टाला पेटली. कुठल्या मिनिटाला काय, दार किती वेळा वाजलं, सातव्यांदा बस बंद पडते तेव्हा बाई कुठे बघते. सगळं खोदून खोदून विचारत होती, परीक्षाच घेत होती जणू. मी सगळं सांगितलं. दोनदा तर तिचंच चुकलं. पाऊण तास झाला, भात निवून गोळा झाला, मी म्हटलं आता ठेव. ती म्हणाली, नाही, आधी कबूल करा, कुत्र्याचा एकच गुण जातो, दोन नाही.

मी कबूल केलेलं नाही.